नागपुरातल्या समस्त लाकडी घाणीवाल्यांना खुलं पत्र: तेल कधी काढलं ते लिहा ना भाऊ

राम राम भाऊ, दादा, आणि जिथं काउंटरवर ताई बसतात तिथं ताई,

मी नंदनवनकडे राहते, चार माणसांचं घर, रोजचा दोन वेळचा स्वयंपाक मीच करते आणि गेली सहा-सात वर्षं तुमचंच गिऱ्हाईक आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कोण्या रिफाइन्ड कंपनीची एजंट दिसते. तसं काही नाही. आधी घाणीचं तेल पाहिजे म्हटलं की इतवारीत विचारत विचारत जावं लागायचं, आता आमच्या घरापासून सक्करदऱ्यापर्यंत गाडीवर गेलं तर चार पाट्या लागतात, 'लाकडी घाणा', 'शुद्ध घाणा', 'बैलघाणा' (बैल काही मला दिसला नाही, मोटर दिसली), आणि मला त्याचा आनंदच आहे. दुकानासमोरून जाताना ताज्या शेंगदाण्याच्या तेलाचा जो वास येतो ना, त्याच्यासाठी मी लांबचा रस्ता घेते.

पण एक गोष्ट मनात साचून राहिली होती ती आज लिहून टाकते.

झालं असं की मागच्या एप्रिलमध्ये मी एका घाणीतून पाच लिटरची शेंगदाणा तेलाची कॅन आणि एक लिटर जवसाचं तेल घेतलं. कोणती घाणी ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं ते तुमच्यापैकी कुणाकडंही होऊ शकलं असतं. दादा म्हणाले, पाच लिटर घ्या, स्वस्त पडते, सहा महिने काहीच होत नाही. मीपण घेतलं. मे महिना आला, आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायची गरज नाही, कूलर लावूनही किचनमध्ये उभं राहवत नाही, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात जवसाची बाटली उघडली तर वास कसला, अगदी नव्यानं रंग दिलेल्या दारासारखा. बाटलीच्या तोंडाशी चिकट राळ जमलेली. शेंगदाण्याचं तेल एवढं वाईट नव्हतं पण फोडणी दिली की मागं एक खवट चव राहायची, मुलगी म्हणाली आई पोह्यात काय टाकलं? मी दुकानात गेले तर उत्तर काय मिळालं, "ताई, आपल्या तेलात केमिकल नाही ना, म्हणून नॅचरल वास येतो."

नाही ओ दादा. नॅचरल वास मला माहीत आहे, त्याच्यासाठीच तर पैसे देते. तो वास तेल जुनं झाल्याचा होता. आणि कॅनवर पाहिलं तर तेल कधी काढलं त्याची तारीखच नाही, पॅकिंगची एक तारीख पेननं लिहिलेली, ती पण पुसट.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या भंडाऱ्याकडच्या, त्यांच्या माहेरी धान कापायच्या आधी उभ्या बांधीतच जवस आणि लाखोरी फेकायचे, त्यामुळे घरचं जवस, आणि लहानपणापासून घरात जवसाचंच तेल. त्या हसल्या नुसत्या. म्हणाल्या, "पाच लिटर काहून घेतलं वं? आमची माय आठवड्याचं तेल आणे." घरचं जवस तेल्याकडे न्यायचं, थोडं थोडं गाळून आणायचं, संपलं की पुन्हा. तारीख लिहायची गरजच नव्हती, कारण आठवड्याच्या वर तेल घरात राहतच नव्हतं. जवस बी म्हणून कोठीत वर्षभर नीट राहतं, टरफलाच्या आत तेल सुरक्षित असतं, एकदा दळलं-गाळलं की मग हवा लागते.

मला वाटते सगळी गोम इथंच आहे. घाणीचं तेल ही पालेभाजीसारखी गोष्ट आहे आणि आपण सगळे, तुम्ही विकणारे आणि आम्ही घेणारे, ती किराण्यासारखी वागवून राहिलो. पाच लिटर, पंधरा लिटर, वर्षभराचं एकदम. ही सवय आपल्याला रिफाइन्डच्या डब्यानं लावली, कारण ते तेल टिकावं म्हणूनच तसं बनवलेलं असते.

आता जवसाचंच का एवढं बिघडते ते थोडं सांगते, मी बी.एस्सी. केलं होतं कधीतरी, थोडं आठवते. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा लिनोलेनिक नावाचं आम्ल असते, ज्याला सगळे ओमेगा-३ म्हणतात आणि ज्याच्या नावावर तुम्ही बाटली विकता. त्याच्या साखळीत तीन ठिकाणी दुहेरी बंध असतात, आणि दुहेरी बंध जितके जास्त तितका ऑक्सिजन पटकन चिकटतो. शेंगदाण्यात जास्त असते ते ओलेइक, त्यात एकच बंध. करडई-सूर्यफुलातलं लिनोलिक, त्यात दोन, ते ओलेइकपेक्षा साधारण दहा-बारापट लवकर बिघडते, आणि जवसातलं त्याच्याही दुप्पट वेगानं. म्हणून तर ऑइल पेंटमध्ये जवसाचं तेल घालायचे, खिडकीच्या काचेच्या पुट्टीत घालायचे, पोरं क्रिकेटच्या बॅटला चोळतात, कारण ते हवेत वाळून पापुद्रा धरते. माझ्या बाटलीच्या तोंडाशी जी राळ होती ती तीच. म्हणजे ज्या गुणासाठी ते तेल चांगलं त्याच गुणामुळं ते नाजूक. हे तेल पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत, दुकानाच्या दर्शनी काचेत, एप्रिलच्या उन्हात ठेवायचं हे मला तरी कळत नाही. काळी नाहीतर ब्राऊन काचेची बाटली, पाव लिटरची, आणि "उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा" एवढी चिठ्ठी, बस. आपल्याच शहरातल्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालते, एनएल-९७ सारखी जवसाची वाणं इथूनच निघाली, आणि त्याच शहरात आम्हाला ताजं जवस तेल मिळू नये, काय म्हणावं.

मग दुसरा मुद्दा. दुकानात गेलं की तुमच्याकडं एक लॅमिनेटेड पोस्टर असते, त्यात लिहिलेलं असते की रिफाइन्ड तेल म्हणजे विष, त्यात पेट्रोल टाकतात, ब्लीच टाकतात, कॉस्टिक सोडा टाकतात. मी त्या पोस्टरकडं पाहून दरवेळी तोंडातल्या तोंडात पुटपुटते, आज लिहूनच टाकते. अर्ध खरं आहे आणि अर्ध घाबरवण्यासाठी आहे. सोयाबीनमध्ये तेल असते जेमतेम १८-२० टक्के, ते पिळून नीट निघत नाही, म्हणून हेक्झेन नावाच्या द्रावणात विरघळवून काढतात, हे खरं, आणि हेक्झेन पेट्रोलियमपासूनच मिळते हेही खरं. पण ते ६९ अंशाला उकळून उडून जाते आणि परत पकडून परत वापरतात, फुकट घालवायला ते कंपनीला परवडत नाही. कॉस्टिक सोडा टाकतात तो तेलातलं मोकळं आम्ल मारायला, त्याचा साबण होतो आणि तो धुवून काढतात. आणि ब्लीच म्हणजे संडास धुवायची पावडर नाही ओ, ती एक प्रकारची माती असते, रंग शोषून घेणारी. शेवटी व्हॅक्यूममध्ये दोनशे अंशाच्या वर वाफ देऊन वास काढतात. त्यात चव जाते, वास जातो, व्हिटॅमिन ई थोडं जाते, एवढ्या तापमानाला काही नको ते पदार्थही थोडे तयार होतात, विशेष करून पाम तेलात, हे सगळं मान्य. पण विष नाही. विषच पाहायचं तर कच्चं सरकीचं तेल पाहा, आपल्या विदर्भातलं, कापसाचं. कच्च्या सरकीच्या तेलात गॉसिपॉल असते, ते खरोखर अपायकारक, आणि ते रिफाइन केल्यानंच जाते. म्हणजे सरकीच्या बाबतीत उलटं आहे, न शुद्ध केलेलं खाऊ नये.

आणि तुम्ही म्हणाल शेंगदाण्याचं तरी आमचं शंभर टक्के शुद्ध. बरं. मग मला सांगा, दाणे निवडता का? बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन होते, हे लिव्हरच्या कॅन्सरशी जोडलेलं आहे, यात वाद नाही. रिफाइन करताना त्या कॉस्टिकच्या पायरीला ते बहुतेक निघून जाते. घाणीत ते निघायची सोयच नाही, बरंचसं ढेपेत (तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत) जाते पण थोडं तेलासोबत, गाळासोबत येते. म्हणजे तुमच्या तेलाची सगळी भिस्त दाण्यावर. ओलसर, काळपट, सुरकुतलेला दाणा बाजूला काढला तर तुमचं तेल सोनं आहे, आणि मंडीतून तुकडा-चुरा आणून तसाच टाकला तर माझ्या मते पिशवीतलं रिफाइन्ड बरं. हे पोस्टरवर कुणी लिहीत नाही. एक घाणीवाले काका आहेत, त्यांच्याकडं एक बाई सुपात दाणे घेऊन निवडत बसलेली असते, मी त्यांच्याकडं दोन रुपये जास्त देऊनही जाते, पोस्टर त्यांच्याकडं नाहीये.

भावाचंही बोलते थोडं. दाण्यात तेल असते ४५-५० टक्के, घाणीत दाण्याच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास तेल हाती येते, म्हणजे एक किलो तेलाला साधारण अडीच किलो दाणे. समजा दाणे १३० रुपये किलो धरले तर नुसते दाणेच सव्वातीनशेचे झाले, ढेप विकून काही परत येतात, मग वीज, माणूस, भाडं. त्यामुळे कुणी मला १८०-२०० रुपयात 'शुद्ध लाकडी घाणा शेंगदाणा' देत असेल तर मला आनंद होत नाही, शंका येते. काही ठिकाणी समोर लाकडी घाणा शोभेला फिरतो आणि कॅनमधलं तेल मागून दुसरीकडून येते, हे मी पाहिलेलं नाही पण भावच सांगतो ना. उलट ज्यांचं महाग आहे त्यांच्याशी मी कधीच घासाघीस करत नाही, हे माझ्या यांना विचारा.

आता सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी गोष्ट, "ताई हे एकच तेल घ्या, सगळ्याला चालते."

नाही चालत. सगळ्याला एक तेल चालत असतं तर आपल्या आज्यांनी फडताळात तीन बरण्या ठेवल्या नसत्या. माझ्या किचनमधलं सांगते, कुणाला पटो न पटो. रोजच्या भाजी-वरणाच्या फोडणीला घाणीचं शेंगदाणा. मोहरी तडतडायला तेल तापते, पण आपण लगेच कांदा-टमाटर टाकतो, तापमान खाली येते, तेवढं शेंगदाणा आरामात सहन करते. वांग्याचं भरीत, तिखट-मीठ-कांदा, गोळाभातावरचं वरून घ्यायचं तेल, तिथं जवस, कच्चं, एक चमचा, तापवायचं नाही. जवसाचं कच्चं तेल १०७ अंशालाच धुरायला लागते, म्हणजे पाणी उकळते त्याच्या जरासं वर. करडईचं न रिफाइन केलेलंही तसंच, ते थालीपिठावर वरून घ्या, त्यात पुऱ्या तळू नका. तिळीचं तेल थोडं जास्त टिकते, त्याच्या अंगातच सेसमोलसारखे पदार्थ असतात जे बिघडू देत नाहीत, हिवाळ्यात मला त्यात मेथी करायला आवडते. वरण-भातावर तूप, चमचाभर, ते औषध म्हणून नाही, चवीसाठी.

आणि तळण? आषाढ तळायचा असला, पोळ्याच्या करंज्या असल्या, दिवाळी असली, तर मी सरळ रिफाइन्ड आणते. हो, तुम्हाला राग येईल. पण तळणाला १७०-१८० अंश लागते, घाणीचं शेंगदाणा साधारण १६० च्या आसपास धुरायला लागते, त्यात गाळाचे बारीक कण असतात ते आधी जळतात, कढई काळी होते, तेल फेसाळते, आणि महागाचं तेल वाया जाते ते वेगळं. रिफाइन्ड शेंगदाणा किंवा राईस ब्रान दोनशेच्या वर जाते. छोट्या कढईत थोडंच घ्यायचं, उरलेलं गाळून दोन-तीन दिवसात फोडणीला संपवायचं, पुन्हा तळायला घ्यायचं नाही. हॉटेलवाल्यांसाठी तर नियमच आहे, तळून तळून तेल मोडून त्यात जे पोलर कंपाउंड नावाचे घटक होतात ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकायचं, २०१८ पासूनचा नियम आहे, घरी मोजायचं यंत्र नाही म्हणून काय झालं, रंग काळा झाला, तेल दाट झालं, धूर लवकर आला की समजायचं.

इथं मला सावजीवाले आठवणारच, कारण सावजीचं मूळचं तेल जवसाचंच. मग ते तापवत नव्हते का? तापवत होते, कडकडीत. सासूबाई पण जवसाचं तेल आधी धूर निघेपर्यंत तापवून त्याचा उग्र दर्प घालवून मग त्यात मसाला टाकायच्या, आणि त्यांच्या हातची ती तर्री मी जन्मात विसरणार नाही. पण तेव्हा तेल त्याच आठवड्याचं असायचं आणि मटण महिन्यातून एकदा व्हायचं. आता आम्ही तीच भाजी दर रविवारी खातो आणि वर म्हणतो पारंपरिक आहे. चवीसाठी कधी करा ना, मीपण करते, फक्त सगळं ओमेगा-३ मिळालं म्हणू नका, त्यातलं काही त्या धुरासोबत गेलं.

बरं, डॉक्टरांचं. आमच्या यांचं कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघालं तेव्हा मला वाटलं डॉक्टर तेल बदलायला सांगतील. त्यांनी विचारलं, महिन्याला किती लिटर आणता? मी म्हटलं पाच, पण घाणीचं आहे. ते म्हणाले मी कोणतं ते नाही विचारलं, किती ते विचारलं. घरी येऊन हिशेब केला, एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पाच लिटरचे साडेचार किलो, चार माणसं, तीस दिवस, माणशी रोज ३८ ग्रॅम. आयसीएमआरचं (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं) म्हणणं आहे की बैठं काम करणाऱ्या पुरुषाला रोज २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम वरून घातलेलं तेल-तूप पुरे. आमच्याकडं बैठं काम सोडून दुसरं कुणी करत नाही, मी सोडून. आता तीन लिटरवर आणलंय, माणशी २३ ग्रॅमच्या आत, तूप वेगळं मोजलं तर थोडं वर जाते. कसं केलं? काही नाही, धारेनं ओतायची बाटली बंद केली आणि चमचा आणला. पहिला महिना सगळे कुरकुरले, पाटवडीच्या रश्श्यावर तर्री दिसेना म्हणून घरात बंड झालं, मग जिभेला सवय झाली.

हे तुम्हाला काहून सांगते, कारण 'घाणीचं आहे, कितीही खा' हे वाक्य मी तुमच्यापैकी किमान तिघांच्या तोंडून ऐकलंय. घाणीचं असो, रिफाइन्ड असो, तूप असो, एका ग्रॅमला ९ कॅलरी, त्यात सूट नाही. आणि 'कोलेस्ट्रॉल फ्री' चं स्टिकर तर काढाच, कुठल्याही झाडाच्या तेलात कोलेस्ट्रॉल नसतेच, पाण्यावर 'साखर नाही' लिहिण्यासारखं आहे ते. लेबलच्या नियमांत तर खाद्यतेलावर 'कोलेस्ट्रॉल फायटर', 'डबल रिफाइन्ड' असले फुगवलेले शब्द लिहायला नाव घेऊन मनाई केलेली आहे. मोठ्या कंपन्यांना ते लागू आहे तसं तुम्हालाही, 'हार्ट ब्लॉकेज खोलते' हे हातानं लिहिलं म्हणून चालत नाही. खोबरेल तेलाच्या बाटलीवर ते लिहिलेलं मी पाहिलं तेव्हा तर हसावं का रडावं, त्यात ९० टक्के सॅच्युरेटेड फॅट असते, कोलेस्ट्रॉल वाढवणारं, केरळवाल्यांच्या मासळीला मस्त लागते, पण आमच्या यांच्यासाठी नको.

२०२५ च्या जुलैत आपल्या एम्सचं नाव बातम्यांत आलं होतं आठवते का, समोसा-जिलेबीच्या बाजूला तेल-साखरेचे बोर्ड लागणार म्हणून, मग केंद्राच्या आरोग्य खात्याला सांगावं लागलं की बाप्पा, समोश्यावर कोणतीही वॉर्निंग नाही, ऑफिसांमध्ये लोकांनी तेल-साखर कमी खावी म्हणून साधी सूचना आहे. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या बायका घाणीकडं धावल्या, समोसा तोच, फक्त तेल घाणीचं. तुमचा धंदा झाला, चांगलंच आहे, पण त्यातल्या निम्म्या जणींनी पंधरा लिटरचा डबा आणला आणि दिवाळीपर्यंत तो खवट झाला, आणि आता त्या म्हणतात घाणीच्या तेलात काही दम नाही. तुमचंच नुकसान झालं ना भाऊ.

पिशवीवाल्या कंपन्या काही साध्या आहेत असं नाही, त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. आधी अर्धा-एक लिटरचे ठरलेले आकार असायचे, तो नियम गेला तेव्हापासून ८५० ग्रॅम, ८७० ग्रॅम, ७५० मिली असली पाकिटं, दिसायला सगळी एक लिटरची. शेजारी प्रति ग्रॅम भाव छापलेला असतो, ०.१७ रुपये, ते पाहून कोणती बाई दुकानात गुणाकार करत बसणार. एक सांगते, तुम्ही पण लिटर का किलो ते नीट बोला. तेल पाण्यापेक्षा हलकं, एका लिटरमध्ये नव्वद ग्रॅमचा फरक पडतो, भाव किलोचा सांगायचा आणि माप लिटरचं द्यायचं हे बरं नव्हे.

सुट्या तेलाचं मात्र माझं मलाच अवघड आहे. मला घरची स्टीलची बरणी घेऊन येऊन समोर गाळलेलं तेल घ्यायला आवडते. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार सुटं खाद्यतेल विकायला मनाई आहे, राज्य सरकारला वाटलं तर सूट देता येते. आणि त्या मनाईला कारण आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं, ६० च्या वर माणसं गेली, हजारो आजारी पडली, पाय सुजून. त्यामुळे नियम पाळू नका असं मी कशी म्हणू. पण एक करता येते, लहान बाटलीत सील करून द्या, बाटलीचे पैसे घ्या, रिकामी आणली की परत करा. दूधवाले करायचे तसं.

मग माझं मागणं एवढंच, फार नाही. बाटलीवर घाणीतून तेल कधी निघालं ती तारीख, पॅकिंगची नाही, काढल्याची. बी कुठलं आणि कधीचं, जमलं तर. जवस पाव लिटरच्या वर विकूच नका, शेंगदाणा एक लिटरच्या वर उन्हाळ्यात नको. आठवड्याचा वार ठरवा, मंगळवारी शेंगदाणा, शुक्रवारी जवस, दुकानाबाहेर खडूनं लिहा, आम्ही त्या वारी येऊ, गर्दी करू, भाजीबाजारात करतो तशी. आणि कुणी तळायला मागितलं तर प्रामाणिकपणे सांगा की ताई, तळायला हे घेऊ नका. त्या दिवशी तुमची एक कॅन कमी खपेल, पण ती बाई दर आठवड्याला येईल. मी तर येईनच.

पोस्टरचं तुम्ही पाहा. काढलं तर बरं.

तुमची,
नंदनवनची एक गिऱ्हाईक

ता. क. सुपात दाणे निवडणाऱ्या बाईवाले काका हे वाचत असतील तर मंगळवारी शेंगदाण्याच्या ताज्या ढेपेचा एक तुकडा बाजूला ठेवा, सासूबाईंना गुळासोबत खायची आठवण झालीये. बाकीच्यांकडून ढेप मी घेत नाही, का ते वर लिहिलंच आहे.